मासा तोच, दार बदलतं

तुमचा प्रश्न असा आहे: मसाल्यांच्या निर्यातीत काही वर्षं काढल्यावर तुमची गोठवलेल्या सीफूडच्या विभागात बदली झाली आहे. नव्या विभागातल्या प्रत्येक सादरीकरणात जगाची वाढती लोकसंख्या, वाढती मागणी, प्रयोगशाळेतला मासा आणि ब्लॉकचेन (मागून बदलता न येणारी संगणकीय नोंदवही) हेच दिसतं. यातलं खरं काय धरायचं आणि पुढच्या पाच-सात वर्षांसाठी लक्ष कशावर ठेवायचं?

मी या धंद्यात पंचवीस वर्षं काढली. आधी कारखान्यात गुणवत्ता तपासणी, नंतर खरेदी. मागणीचा आलेख खोटा नसतो. 1961 मध्ये जगात माणशी वर्षाला 9 किलोच्या आसपास मासे खाल्ले जायचे, आज हा आकडा 20 किलोच्या वर आहे. पण ती रेघ संथ चढते, आणि तिच्यामुळे कुणाचं दिवाळं निघालेलं किंवा कुणाचं नशीब उघडलेलं मी पाहिलं नाही. पैसा मिळतो किंवा बुडतो तो वेगळ्याच कारणांनी. एखादा देश एका आठवड्यात दार लावून घेतो, एखाद्या समुद्रात मासा येतच नाही, एखाद्या तळ्यात रोग शिरतो. मग एका बाजारासाठी बांधलेला माल दुसऱ्या बाजाराकडे धावतो आणि तिथला भावही खाली आणतो. हे वळण ज्याला महिनाभर आधी दिसतं, त्याचं वर्ष बरं जातं.

आणखी एक आकडा तुम्हाला सगळीकडे भेटेल. अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबानुसार 2022 मध्ये मत्स्यशेतीतून 9.44 कोटी टन जलचर निघाले आणि पहिल्यांदाच पाळलेल्या मालानं पकडलेल्या मालाला मागे टाकलं. ऐतिहासिक गोष्ट आहे, वाद नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की यातला फार मोठा भाग आशियातल्या गोड्या पाण्यातल्या कार्पसारख्या माशांचा आहे, आणि ते जिथे पिकतात तिथेच खाल्ले जातात. तुमच्या कंटेनरशी त्यांचा संबंध नाही. तुमचा संबंध कोळंबी, सॅमन, ट्यूना, कॉड-पोलॉकसारखे पांढरे मासे, स्क्विड आणि पंगास यांच्याशी येईल. पकडलेल्या मासळीचा आकडा 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास तिथल्या तिथेच आहे. म्हणजे समुद्रातून नवं काही येणार नाही असं धरूनच चालायचं.

सुरुवात कोळंबीपासून करा. दार बदलणं म्हणजे काय ते या एका मालात पुरतं दिसतं.

2011 पर्यंत कोळंबी म्हटलं की थायलंड. मग एक रोग आला. पिल्लं तळ्यात सोडल्यापासून महिन्याभरात मरायची, म्हणून त्याला सुरुवातीला नुसतं ‘अर्ली मॉर्टॅलिटी’ म्हणायचे. 2009 मध्ये तो चीनमध्ये दिसला, पुढे व्हिएतनाम, मलेशिया करत 2012 मध्ये थायलंडला पोहोचला. 2013 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूनं कारण शोधून काढलं: विब्रिओ पॅराहीमोलिटिकस या जिवाणूचा विष तयार करणारा प्रकार. तोवर थायलंडचं उत्पादन निम्म्यावर आलं होतं. अमेरिकेतल्या खरेदीदारांना माल तर हवाच होता. भारतानं 2009 मध्ये व्हेनामी या कोळंबीच्या जातीला परवानगी दिलेली होती, तळी तयार होती, सोलायला हात होते. काही वर्षांत अमेरिकेच्या बाजारात थायलंडची जागा भारतानं घेतली. याला कुणाची दूरदृष्टी म्हणत नाही मी. शेजारच्याचं दुकान बंद पडलं आणि आपलं उघडं होतं, एवढंच.

इक्वेडोरची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्या. 1999 मध्ये व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगानं त्यांची तळी ओस पडली. त्यांनी रोगाला तळ्याबाहेर ठेवण्याचा हट्ट सोडला. जी कोळंबी वाचली तिच्यापासूनच पुढचं बीज करत गेले. मोठी तळी, त्यांत विरळ सोडलेली कोळंबी, त्यामुळे एका रोगानं सगळं बुडायची भीती कमी. पुढे त्यांनी पाण्यात मायक्रोफोन सोडले. कोळंबी खाताना कटकट आवाज करते. तो आवाज ऐकून यंत्र खाद्य टाकतं, आवाज थांबला की यंत्रही थांबतं. ऐकायला गंमत वाटते, पण खाद्य हाच शेतीतला सगळ्यात मोठा खर्च असल्यामुळे हिशोब बदलून गेला. 2022 मध्ये त्यांची निर्यात दहा लाख टनांच्या वर गेली, 2023 मध्ये बारा लाखांच्या आसपास. यातला निम्म्याहून जास्त माल चीनला, डोक्यासकट आणि कवचासकट. सोलायला माणसं कमी, म्हणून सोलावाच लागणार नाही असा बाजार त्यांनी धरला.

मग 2025 उजाडलं. एप्रिलमध्ये अमेरिकेनं देशनिहाय आयातशुल्क जाहीर केलं आणि ऑगस्टच्या अखेरीस भारतीय मालावरचं नवं शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. इक्वेडोरवर 15, इंडोनेशियावर 19, व्हिएतनामवर 20. कोळंबीवर 2005 पासून चालत आलेलं अँटी-डंपिंग शुल्क (पडत्या भावात माल ओतल्याबद्दल लागणारं) यात धरलेलं नाही, ते वेगळं. आकडे पुन्हा बदलतील, ते पाठ करू नका. पाहायचं ते हे की त्या आठवड्यांत काय झालं. अमेरिकेसाठी पौंडाच्या पिशव्यांत भरलेला, तिथल्या लेबलचा माल शीतगृहात अडकला आणि युरोप, चीन, जपानकडे नव्यानं फोन सुरू झाले. युरोपचा खरेदीदार लगेच विचारतो, प्रतिजैविकांची चाचणी कुठली, शेताचं प्रमाणपत्र कुठलं, वजन ग्लेझ (मालावरचा बर्फाचा थर) धरून की काढून? ज्यांनी आधीच्या वर्षांत, गरज नसताना, ही तयारी करून ठेवली होती त्यांचा माल हलला.

त्याच महिन्यात इंडोनेशियाचं काय झालं तेही सांगतो, कारण असलं काही कुठल्याही जोखमीच्या यादीत नसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तिथून आलेल्या कंटेनरांत आणि कोळंबीत सीझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ सापडला. मूळ निघालं जावातल्या चिकांडे औद्योगिक वसाहतीतला धातू वितळवण्याचा एक कारखाना. कोळंबीच्या तळ्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी ऑक्टोबरच्या शेवटी जावा आणि सुमात्रातल्या लाम्पुंगच्या कोळंबीला सीझियममुक्त असल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. वीस वर्षांची गुणवत्ता एका बाजूला आणि शेजारचं भंगार एका बाजूला.

आता खाद्य. नवीन माणूस कोळंबीचा आणि सॅमनचा भाव रोज पाहतो, पण पेरूतल्या अँचोव्ही या छोट्या माशाचा मोसम पाहत नाही. पाहायला सुरुवात करा. जगातल्या फिशमीलचा (खाद्यात घालायच्या माशांच्या पुडीचा) सुमारे पाचवा हिस्सा त्या एका माशापासून येतो, आणि तो मासा थंड पाण्याचा लाडका आहे. एल निनो आला की किनाऱ्याचं पाणी तापतं, मासा खोल किंवा अगदी काठाला सरकतो, जाळ्यात लहान पिल्लंच फार येतात. 2023 मध्ये याच कारणानं पेरूनं उत्तर-मध्य भागातला पहिला मोसम रद्द केला. माशाच्या तेलाच्या भावानं विक्रम केला. महागलेल्या ऑलिव्ह तेलासारखी याचीही चोरी होईल की काय, असं आम्ही तेव्हा हसत म्हणायचो, पण खाद्य कंपन्यांच्या खरेदी विभागात कुणी हसत नव्हतं.

सॅमनच्या खाद्यात 1990 मध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्रातलाच कच्चा माल होता. आज नॉर्वेत तो पाव भागापेक्षा कमी आहे; बाकी सोया, गहू, रेपसीडचं तेल. म्हणजे अवलंबन संपलं का? तेलात नाही. ग्राहक सॅमनसाठी पैसे मोजतो ते ओमेगा-3 साठी, आणि माशातलं ते ओमेगा-3 सोयातून येत नाही. शैवालापासून काढलेलं तेल हा त्यावरचा खरा उपाय आहे, महाग असला तरी. किड्यांपासूनच्या प्रथिनांबद्दल मी दहा वर्षं ऐकतोय. चांगली गोष्ट आहे, पण टनांच्या हिशोबात अजून चिमूटभर. क्रिलकडेही (कोळंबीसारखा इवलासा समुद्री जीव) बघा. 2025 मध्ये अंटार्क्टिकात पहिल्यांदाच 6,20,000 टनांची मर्यादा गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच मोसम बंद करावा लागला. सगळ्यांनाच तेल हवंय, हे यातून कळतं.

समुद्र तापतोय हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की त्याचा व्यापारातला अर्थ कुणाला दिसत नाही. अर्थ हा: मासा सरहद्द ओलांडतो आणि करार मात्र जागच्या जागी राहतात. ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल, आपल्या बांगड्याच्याच कुळातला, साधारण 2007 पासून वायव्येला सरकला. आइसलँडच्या पाण्यात पूर्वी तो जवळपास नव्हताच. 2008 मध्ये त्यांनी एक लाख टनांहून जास्त पकडला. नॉर्वे आणि युरोपीय संघ म्हणाले हा आमचा मासा, आइसलँड म्हणालं आमचं गवत खातोय तर आमचा. वाटणीवर एकमत झालं नाही. प्रत्येकानं आपला कोटा आपणच ठरवला, आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर जात राहिली. 2019 मध्ये एमएससी या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र निलंबित झालं. 2025 च्या सप्टेंबरात शास्त्रज्ञांनी 2026 साठी सल्ला दिला तो सुमारे 1,74,000 टनांचा, आधीच्यापेक्षा 70 टक्के कमी. इतक्या वर्षांची भांडणं शेवटी माशानंच मिटवली म्हणायची.

बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅब तर मुक्कामाची जागाच हरवून बसला. 2018-19 च्या उष्णतेच्या लाटेनंतर दहा अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की ते थेट उष्णतेनं मेले नाहीत, उपासमारीनं मेले: पाणी गरम झाल्यावर भूक वाढली आणि खायला तेवढं नव्हतं. 2022 मध्ये अलास्कानं इतिहासात पहिल्यांदा तो मोसम बंद ठेवला. इकडे बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा 2025 चा कोटा 3,40,000 टन, 1991 नंतरचा, तोवरचा सगळ्यात कमी. कॉड महागला की पांढऱ्या माशाचा खरेदीदार पोलॉककडे, हेककडे, पंगासकडे सरकतो. पंगासवाल्याला वाटतं आपलं मार्केटिंग फळलं.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल कागदांचा आहे, आणि त्यावर सादरीकरणात एकच ओळ असते कारण ते रटाळ आहे. युरोपीय संघाचा बेकायदा मासेमारीविरुद्धचा नियम 2010 पासून लागू आहे. ज्या देशाची देखरेख ढिली त्याला पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद. थायलंडला ते एप्रिल 2015 मध्ये मिळालं आणि जानेवारी 2019 मध्ये उठलं. मधल्या काळात त्यांनी मासेमारीचा कायदाच नव्यानं लिहिला. व्हिएतनामला 2017 मध्ये मिळालं. कार्ड देशाला मिळतं, त्रास प्रत्येक कंटेनरला होतो, तुमचा माल कितीही स्वच्छ असो. 10 जानेवारी 2026 पासून युरोपात पकडीचे दाखले ‘कॅच’ या संगणकीय प्रणालीतून देणं सक्तीचं आहे. कागदावर एकाच दाखल्याच्या चार प्रती चार बंदरांत वापरायची जुनी युक्ती आता चालायची नाही. अमेरिकेचा आयात-नोंद कार्यक्रम 2018 पासून आहेच. त्यात भर म्हणून सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा नियम: ज्या मासेमारीत डॉल्फिन, देवमासे अडकतात आणि अमेरिकेच्या तोडीची काळजी घेतली जात नाही, तिचा माल 1 जानेवारी 2026 पासून बंद. 46 देशांतल्या 240 मासेमाऱ्यांना नकार मिळाला. तुमचा पुरवठादार कुठल्या जाळ्यानं पकडतो हे त्याला विचारा. गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं राहून कल्ल्यांत अडकवणारं जाळं) म्हणाला तर पुढचे चार प्रश्न तयार ठेवा.

राजकारणाची दारं याहून जोरात आपटतात. 2022 मध्ये अमेरिकेनं रशियन सीफूडची आयात बंद केली, पण रशियन पोलॉक चीनमध्ये जाऊन फिले (काटे काढलेले तुकडे) होऊन ‘चिनी उत्पादन’ म्हणून येत राहिला. डिसेंबर 2023 मध्ये तीही वाट बंद झाली: प्रक्रिया कुठेही होवो, मासा कुणाच्या पाण्यातला ते पाहायचं. जपाननं फुकुशिमा अणुप्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी 24 ऑगस्ट 2023 ला सोडायला सुरुवात केली आणि चीननं त्याच दिवशी जपानी सीफूड थांबवलं. होक्काइदोचे स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले) चीनमध्ये सोलले जायचे आणि तिथून पुढे अमेरिकेलाही जायचे. शिंपल्यांचे ढीग साचले, जपान्यांना सोलण्यासाठी व्हिएतनाम, मेक्सिकोपर्यंत शोधाशोध करावी लागली. 2025 च्या जूनमध्ये दार किलकिलं झालं, नोव्हेंबरात पुन्हा लागलं. स्कॅलपमध्ये या काळात काहीही बिघडलेलं नव्हतं.

मजुरांचा प्रश्न याच कागदांत येतो, आणि त्याला मी कागद म्हणून पाहत नाही. 2015 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना बेटावर बोटींवर राबवलेली, काही जण पिंजऱ्यात कोंडलेली माणसं शोधली. त्यांच्या बातम्यांनंतर दोन हजारांहून जास्त जण सुटले. त्याआधी मीही कोळंबीच्या खाद्यातलं फिशमील कुठल्या बोटीचं हे कधी विचारलं नव्हतं. आमच्यातलं कुणीच विचारत नव्हतं. आता विचारावं लागतं, आणि उत्तर ‘आमच्याकडे सगळं नियमानुसार’ एवढंच आलं तर तो पुरवठादार मी सोडतो.

उरलेल्या गोष्टी पटकन. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सॅमनला 2025 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मोजक्या रेस्टॉरंटांत मिळतो. तुमच्या पाच-सात वर्षांत तो टनांत येणार नाही. जमिनीवरच्या टाक्यांतली सॅमनशेती तांत्रिकदृष्ट्या जमते, पण पंप बंद पडला की वर्षभराचं पीक काही तासांत जातं आणि गुंतवणूक प्रचंड. ब्लॉकचेनबद्दल एवढंच: बोटीवर खोटं लिहिलं तर साखळी ते खोटं कायमचं आणि सुरक्षित जपून ठेवते.

तुमच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी दोन कामं. काउंटची, म्हणजे ठरावीक वजनात किती नग बसतात याची, भाषा शिका. डोकं काढलेल्या कोळंबीचा काउंट बहुधा पौंडाला धरतात, डोक्यासकट असेल तर किलोला. 30/40 हे दोन्हीकडे लिहिलेलं दिसतं आणि माल पूर्ण वेगळा असतो. माझ्या पहिल्या वर्षी एका सौद्यात ही गल्लत माझ्याकडून झाली. खरेदीदारानं फोनवर आवाज चढवला नाही, नुसतं ‘पुन्हा वाचा’ म्हणाला. त्या दिवसापासून प्रत्येक कोटेशनमध्ये एकक मी अक्षरांत लिहितो.

दुसरं, कुठल्याही नव्या पुरवठादाराचा नमुना स्वतः वजन करा. गोठलेली पिशवी तोला, ग्लेझ जाईपर्यंत थंड पाण्याच्या हलक्या फवाऱ्याखाली धरा, चाळणीवर बरोबर दोन मिनिटं निथळू द्या, पुन्हा तोला. मग ती कोळंबी उकळा आणि तिसऱ्यांदा तोला. वजन वाढवायला फॉस्फेटच्या पाण्यात किती भिजवली होती याचा अंदाज या तिसऱ्या आकड्यावरून येतो. एकच नमुना पुरत नाही. वेगवेगळ्या खोक्यांतून घ्या, वरच्या थरातलं खोकं सोडून.

(या उत्तरातल्या शुल्कांचे आकडे 2025 च्या ऑगस्टचे आहेत. कोटेशन करण्याच्या दिवशी कस्टम एजंटला फोन करूनच दर धरा.)